सेलचा शर्ट फाटलाय, बॉस!

बॅटरी म्हटलं की आपल्याला फक्त टक्के आठवतात. अठरा टक्के उरले, चार्जर दे! नव्वद झाले, काढ! मीटिंगच्या आधी फोन, लोकलमध्ये शिरायच्या आधी पॉवर बँक, ट्रेकच्या आदल्या रात्री टॉर्च... आपलं सगळं आयुष्यच हल्ली चार्जिंगला लावलेलं असतं. पण बॅटरी अंगात काय घालते, याकडे कोण बघतं? मी मास कॉम केलंय, इलेक्ट्रॉनिक्स नाही. माझा आणि करंटचा संबंध लाइट बिलापुरता. तरीही या एका विषयावर मी मित्रमंडळींना इतकं पकवलंय, की ग्रुपवर माझं नाव ‘सेल मॅडम’ पडलंय. तर आज तुमची पाळी!

ज्या सेलबद्दल बोलतेय, तो तुम्ही पाहिलेला असणार. पेन्सिल सेलचा थोराड भाऊ म्हणा. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल नळकांड्यासारखा. म्हणून याचं नाव १८६५०. हा लिथियम-आयनचा, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा. आपल्या जुन्या जाडजूड लॅपटॉपच्या बॅटरीत हेच सहा-सहा जण ओळीने झोपलेले असायचे. २००८ मध्ये आलेली टेस्ला रोडस्टर असल्या ६,८३१ सेलवर पळत होती. आजही पॉवर बँक, ट्रेकिंगचा टॉर्च, बिनवायरचं ड्रिल यांच्या पोटात तो सापडतो. आणि परदेशात आणखी एका ठिकाणी... व्हेपिंगच्या यंत्रात.

माझी आणि याची ओळख झाली ती या शेवटच्या ठिकाणी. माझ्या दादामुळे.

दादा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. आयटीवाला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना टपरीवरच्या कटिंगबरोबर सुरू झालेली त्याची सिगारेट त्याच्याबरोबरच विमानात बसून तिकडे गेली. बारा वर्षं ओढली. मुलगी झाली तेव्हा सोडायचं ठरवलं आणि तिकडचे अनेक जण करतात तसं व्हेपवर आला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची म्हणजे एनएचएसची भूमिका अशी : व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक, पण निर्धोक नाही, सिगारेट सोडायला वापरा, जे ओढतच नाहीत त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडे मामला साफ वेगळा. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्यालाच बंदी. विकताना पहिल्यांदा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा हे वाचून कुणाला भलतीच आयडिया सुचत असेल, तर प्लीज, नको. हा लेख त्यासाठी नाही.

दादाचं आणि माझं यावरून फोनवर अनेकदा वाजलंय. मी म्हणायची, धूर तो धूर. तो म्हणायचा, पत्रकारबाई, धूर नाही, वाफ! मग मी त्यातलं निकोटिन काढायची, तो माझे दिवसाचे सहा चहा काढायचा. आईला आजही वाटतं की त्याने सगळंच सोडलंय. तर असं ते प्रकरण.

‘असू दे, लागेल’चा ड्रॉवर

२०२४ च्या ऑक्टोबरात मी तीन आठवडे त्यांच्याकडे राहायला गेले. प्रत्येक मराठी घरात एक ड्रॉवर असतो, ‘असू दे, लागेल’वाला. रेडिंगला गेलं म्हणून तो सुटत नाही. त्यात जुन्या किल्ल्या होत्या, पेन्सांची चिल्लर, सेफ्टी पिना, अर्धी मेणबत्ती, रबरबँड, अगरबत्तीचा पुडा आणि या सगळ्यांत लोळत पडलेले दादाचे चार सेल. एक गुलाबी, एक चॉकलेटी, दोन हिरवे. दिसायला एकदम गोंडस. गुलाबीच्या वरच्या टोकाला नखाएवढा तुकडा निघालेला आणि आतून चकचकीत धातू दिसत होता.

माझी पुतणी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला तो ड्रॉवर उघडता येत होता.

‘‘दादा, याचं कव्हर फाटलंय.’’

‘‘अगं, चालतंय ना!’’

‘चालतंय ना’ हे आपलं राष्ट्रीय ब्रीदवाक्य आहे. गळका नळ चालतो, ब्रेक नसलेली सायकल चालते. पण सुकत टाकलेला तुकडा खाली पडून लोळावा तसा उघडा पडलेला तो धातू मला काही केल्या चालेना. दुसऱ्या दिवशी तो सेल मी प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत घातला आणि बाजारपेठेतल्या व्हेपच्या दुकानात गेले. काउंटरवर विशीतला एक मुलगा होता. त्याने डबी उघडली, सेल फिरवून बघितला आणि पहिलं वाक्य टाकलं, ‘‘हा तुम्ही खिशात घालून आणला नाहीत, हे बरं केलंत.’’

मग गिऱ्हाईक नव्हतं म्हणून असेल किंवा मी वही काढली म्हणून असेल, त्याने मला शाळाच घातली. शाळेत विज्ञान असं कुणी शिकवलं असतं तर मी मास कॉमला गेलेच नसते!

फंडा असा आहे. आपल्याला वाटतं, सेलचं वरचं टोक प्लस आणि खालचं मायनस. मधलं अंग म्हणजे नुसता डबा. चूक! या सेलचा अख्खा स्टीलचा डबा मायनस असतो. तळापासून थेट वरच्या गळ्यापर्यंत. प्लस असते ती फक्त वरची मधली टिकली. टिकली आणि डब्याची कड यांच्यात अंतर किती, तर एक-दोन मिलिमीटर. तेवढ्या जागेत आत एक सील आणि वरून एक पातळ, बहुधा पांढरी, कागदी चकती. आणि या सगळ्यावरून कागदाइतकं पातळ प्लॅस्टिकचं रंगीत आवरण. त्याला तिकडे रॅप म्हणतात. मी शर्ट म्हणते.

आता किल्ली घ्या. तिचं एक टोक टिकलीला टेकलं आणि दुसरं फाटलेल्या शर्टातून डब्याला, की झालं शॉर्ट सर्किट! मिक्सरची वायर सोलली गेली तर आपण तिला हात लावत नाही. इथे तर अख्खा सेल म्हणजे सोललेली वायर आणि वर नुसता एक शर्ट.

‘‘पण एवढासा सेल, ४.२ व्होल्टचा. काय होणार?’’ मी विचारलं. त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. अशा सेलचा आतला रोध ओहमच्या काही शतांशांएवढाच. म्हणजे थेट शॉर्ट झाला तर क्षणभर शंभर अँपिअरच्या पुढे करंट धावू शकतो. आपल्याकडे गीझरला १६ अँपिअरचा पॉइंट पुरतो, यावरून अंदाज करा. सेल तापतो. ठराविक मर्यादेपलीकडे तापला की आतली रसायनंच उष्णता तयार करायला लागतात आणि मग किल्ली बाजूला केली तरी ते थांबत नाही. गरम वायू, ज्वाळा, कधी कधी स्फोट. आग बाहेरून लागत नाही, ती सेल स्वतःच बनवतो.

हे पुस्तकी नाही. २०१८ च्या मेमध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये आणि २०१९ च्या जानेवारीत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थमध्ये व्हेपचं यंत्र फुटून दोन तरुण गेले. यंत्रं फुटण्याची कारणं अनेक असतात, प्रत्येक वेळी शर्टच फाटलेला असतो असं नाही. पण खिशातल्या सुट्या सेलने मांड्या भाजल्याच्या घटना इतक्या झाल्या, की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुटे सेल किल्ल्या आणि नाण्यांपासून लांब, डबीत ठेवा आणि खराब झालेले बदला, असं लोकांना बजावलं.

मुळात बाहेर पडायलाच नको होता!

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. पत्रकाराची खोड! तेव्हा या सगळ्या प्रकरणाची चावी मला सापडली. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलबद्दल इशारा दिला होता. त्याचं सार असं : हे सेल मोठ्या बॅटरी पॅकचा भाग म्हणून बनवलेले असतात, ग्राहकाने सुटे हाताळावेत म्हणून नाही.

पटलं. लॅपटॉपच्या किंवा गाडीच्या पॅकमध्ये हा सेल एकदा बसला की जन्मभर हलत नाही. त्याला ना किल्ली भेटते, ना चिल्लर, ना कुणाचं नख. वर पॅकमध्ये राखणीला सर्किट असतं. तिथे कागदासारखा शर्ट पुष्कळ झाला. पण त्याच घरकोंबड्याला आपण रोज बाहेर काढतो, चार्जरमध्ये कोंबतो, परत यंत्रात ढकलतो, बॅगेत फेकतो. शर्ट तोच, नोकरी मात्र बदलली! त्यामुळे पॅक त्याची जी काळजी घेतो, ती सुटा सेल वापरणाऱ्याने स्वतः घ्यायची.

दादाचा युक्तिवाद होता की त्याच्या यंत्रात चिप आहे, गडबड झाली की ती सप्लाय तोडते. खरं आहे. बिनचिपचं, ‘मेकॅनिकल’ म्हणतात ते यंत्र याहून धोक्याचं. त्यात बटण दाबलं की सेल आणि कॉइल थेट एकमेकांच्या गळ्यात, मध्ये कुणी नाही. पण दादाची चिप यंत्रात होती. ड्रॉवरमध्ये लोळणाऱ्या त्याच्या सेलला चिप नव्हती. हे मी म्हटल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला. वहिनीने मागून नुसता घसा साफ केला.

मग आम्ही तिघांनी बसून शर्ट नेमका कुठे फाटतो ते शोधलं. डिटेक्टिव्ह मालिकेसारखं! पहिला आरोपी : यंत्रातल्या सेलच्या कप्प्याची धारदार कड. सेल तिरका सरकवला की रॅप दरवेळी थोडा थोडा खरवडला जातो. दुसरा : चार्जरची स्प्रिंगवाली पट्टी. सेल बसवून ती सोडली की फाटकन येऊन वरच्या कडेवर आपटते. तिसरा : आपलं नख. सेल निघत नाही म्हणून आपण त्याला वरच्या टोकाकडून उचकटतो, म्हणजे नेमकं जिथे प्लस-मायनस शेजारी आहेत तिथेच. चौथा : बॅग, खिसा आणि तो ऐतिहासिक ड्रॉवर. पाचवी उष्णता. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या सेलचा शर्टही आकसतो आणि आतला सेलही म्हातारा होतो.

उपाय त्यातूनच निघाले. सेल कप्प्यात घालताना कडेला न घासता सरळ घालायचा. कप्प्यात कापडी फीत असेल तर ती सेलच्या खालून घ्यायची आणि काढताना फीत ओढायची. फीत आहे, पण वापरायची नाही, हे दादाचं चाललं होतं! चार्जरची पट्टी बोटाने धरून हळू टेकवायची. सुटा सेल म्हणजे डबीतच. दोन सेलची प्लॅस्टिकची डबी किरकोळ पैशांत मिळते. तीही नसेल तर प्रत्येक सेल वेगळा बसेल अशी कुठलीही धातूची नसलेली डबी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार्जिंगला लावताना प्रत्येक वेळी सेल उजेडात धरून एकदा गोल फिरवायचा. वरची कड, खालची कड, मधलं अंग. पाच सेकंद. पोळी करपली का ते बघतो ना, तसं.

आणि चीर दिसली तर? किती लहान, किती मोठी, हा वाद नाही. तो सेल त्या क्षणापासून बाद, नवा शर्ट चढेपर्यंत. चिकटपट्टीचा जुगाड करू नका. सेल गरम झाला की गोंद सुटतो, पट्टी सरकते आणि जाडी वाढल्याने सेल कप्प्यात अडकतो. तो काढताना उरलेला शर्टही फाटतो.

रविवारची शिवणकामाची दुपार

नवे रॅप त्याच दुकानात मिळाले. उष्णतेने आकसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, सेलच्या मापाच्या आणि सोबत कागदी चकत्या. रविवारी वरणभात झाल्यावर आम्ही जेवणाचं लाकडी टेबल पुसून घेतलं. दादाने अंगठी काढली, वहिनीने बांगड्या, मी कडं. धातू टेबलावर नको म्हणजे नको! पुतणीला आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर बसवलं, म्हणजे आईलाही इकडे बघायची सवड नको.

आधी सेल तपासायचा. डब्याला पोचा पडलाय, गंज आहे, ओल किंवा वेगळा वास येतोय, वापरताना नेहमीपेक्षा जास्त तापतोय, यातलं काहीही असेल तर त्याला नवे कपडे घालण्यात अर्थ नाही. तो निरोपाचा. आमचा एक हिरवा तिथेच बाद झाला, त्याच्या बुडाला पोचा होता. मग जुना शर्ट तळाच्या बाजूने सोलायला सुरुवात करायची. ब्लेडने प्लसच्या टोकाशी उकरायचं नाही. टिकलीभोवती नवी चकती नीट बसवायची, ती विसरलात तर बाकी सगळं फुकट. नळी चढवायची, दोन्हीकडे कड सारखी बाहेर राहील अशी. आणि मग वहिनीचा हेअर ड्रायर! सेल फिरवत राहायचं, गरम हवा थोडी थोडी मारायची. मेणबत्ती, लायटर, गॅस, अजिबात नाही. सेल हाताला चटका देईल इतका तापवायचा नाही. नळी बघता बघता आकसते आणि कडा आत वळतात. जणू शिंप्याने अंगावरच शिवून दिलं. शेवटी मार्करने त्यावर सेलचं मूळ नाव, क्षमता आणि तारीख लिहायची, कारण जुन्या शर्टाबरोबर त्याची ओळखही गेलेली असते.

आणि हो, शर्टाने ओळख बदलते याचा फायदा घेणारेही आहेत. कमी प्रतीच्या किंवा वापरलेल्या सेलला नवा झगमगीत रॅप चढवून त्यावर ‘९८०० एमएएच’ वगैरे छापलं जातं. शुद्ध थाप! चांगल्यातल्या चांगल्या १८६५० ची क्षमता ३५०० च्या आसपास असते. त्याच्या तिप्पट आकडा दिसला की दुकानातून हसत बाहेर पडायचं.

बाद झालेल्या हिरव्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली (इथे मात्र ती चालते, तो आता कुठे घालायचा नाहीये) आणि सुपरमार्केटमधल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकला. घरच्या कचऱ्यात नाही. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला गेला, तर तिथे आग.

त्या दुपारी एक गोष्ट मला उमगली आणि ती बॅटरीबद्दल नव्हती. दोन वर्षं मी दादाला ‘सोड, सोड’ म्हणत होते आणि तो कान बंद करून घेत होता. पण ‘सोडेपर्यंत निदान घर पेटवू नकोस’ म्हटल्यावर तो टेबलावर येऊन बसला. आपल्या माणसाची एखादी सवय पटत नाही म्हणून त्या सवयीतला धोका बघायचाच नाही, असं करून चालत नाही. लेक्चर आणि काळजी यांत फरक आहे. लेक्चर देणारा लांब उभा असतो, काळजी करणारा हेअर ड्रायर धरतो.

पुण्यात परत आल्यावर पहिलं काम केलं ते माझा ट्रेकचा टॉर्च उघडायचं. आत तोच १८६५०. माझे बरेचसे वीकेंड सह्याद्रीत जातात. राजमाचीचे काजवे असोत की हरिश्चंद्रगड, रात्रीची चाल असली की मी बॅगेत एक जादा सेल ठेवते. आता तो डबीत असतो. विमानातही जादा लिथियम सेल केबिनच्या बॅगेतच न्यायचे, चेक-इनच्या नाही आणि टोकं झाकलेली हवीत, हा नियम आहेच. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत एका दुकानात रॅप मागितले तर दुकानदार काका म्हणाले, ‘‘अहो, हे कुणी मागत नाही. फाटलं तर लोक नवीन सेल नेतात, नाहीतर तसाच वापरतात.’’ मी वीस घेतले. ट्रेकच्या ग्रुपात वाटले. सेल मॅडम!

दादा २०२५ च्या गणपतीत पुण्याला आला. यंत्र अर्थातच तिकडे ठेवून, कारण इथे ते आणणंच बेकायदा. दहा दिवस निकोटिनचा च्युइंग गम चघळत आरत्या म्हणत होता. टपरीकडे एकदाही गेला नाही, मी पाळत ठेवून होते! व्हेप पूर्ण सुटलंय का? नाही. पण निकोटिनचं प्रमाण त्याने कमी करत आणलंय आणि रेडिंगच्या त्या ड्रॉवरमध्ये आता फक्त किल्ल्या आणि चिल्लर असते. सेल वरच्या कपाटात, डबीत, पुतणीचा हात पोहोचत नाही तिथे.

तुमच्याही घरात, बॅगेत, ट्रेकच्या सॅकमध्ये असा एखादा सुटा सेल असेल. आज ऑफिसातून घरी गेलात की मोबाइल जरा बाजूला ठेवा, तो सेल काढा, ट्यूबलाइटखाली धरा आणि एकदा गोल फिरवा. शर्ट धड असेल तर उत्तम. फाटला असेल तर ‘चालतंय ना’ म्हणू नका. नवा शर्ट चहाच्या पैशांत येतो!